नाटक बसवणारा नाटककार

सांगलीहून हरिपूरला जायला फार वेळ लागत नाही. तीन-चार किलोमीटरचा रस्ता कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळापाशी जाऊन संपतो. हळदीच्या व्यापाऱ्यांना हे गाव ठाऊक आहे ते पेवांसाठी. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकून राहायची. नाटकवाल्यांचं कारण वेगळं. इथल्या नदीकाठच्या पारावर बसून देवलांनी 'शारदा' लिहिलं, असं गाव सांगत आलं आहे.

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५चा, मृत्यू १४ जून १९१६चा. साठ वर्षांच्या आयुष्यात नाटकं सात. त्या सातांपैकी तीन संस्कृतातून आलेली, तीन इंग्रजीतून. सर्वस्वी स्वतःचं म्हणावं असं एकच, 'शारदा'. नुसता हिशेब मांडला तर हा माणूस मुख्यतः रूपांतरकार ठरतो आणि वाङ्मयाच्या इतिहासात दोन परिच्छेदांत आटोपतो. तरीही अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद आपले वार्षिक पुरस्कार द्यायला दरवर्षी १४ जूनचाच दिवस धरते. एका स्वतंत्र नाटकाच्या बळावर हा मान कसा मिळाला, याचं उत्तर छापील पुस्तकांत अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं तालमीच्या खोलीत आहे.

देवलांच्या काळात 'दिग्दर्शक' हा शब्द मराठी रंगभूमीवर रुळलेला नव्हता. जाहिरातीवर त्याचं नाव नसायचं, पडद्यामागून येऊन तो नमस्कार करत नसे. काम मात्र होतं, आणि त्याला तालीम घेणं किंवा नाटक बसवणं म्हणत. हे बसवणं क्रियापद मोठं नेमकं आहे. अंगरखा अंगाला बसतो, गाण्याची जागा गळ्यावर बसते, तसं नाटक नटाच्या तोंडात आणि अंगात बसावं लागतं. देवल आयुष्यभर हेच करत राहिले. दुसऱ्यांची नाटकं नटांत बसवली, आणि परक्या भाषांतली नाटकं मराठीत बसवली. त्यांच्या लेखी ही दोन कामं वेगळी नव्हती.

देवल या धंद्यात शिरले तेव्हा रंगभूमीचं रूप काय होतं, हे आधी पाहायला हवं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथून नाटक मंडळ्यांची रांग लागली. त्या खेळांत सूत्रधार पदं म्हणे, गणपती-सरस्वती येऊन जात, आणि कथेचा अंदाज घेऊन पात्रं आपापलं भाषण तिथल्या तिथे रचत. राक्षस 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत मंचावर येई आणि पुढच्या रांगेतली पोरं आईला बिलगत. पुढे शाळा-कॉलेजांतून शिकलेल्यांनी लिहून, पाठ करून करायची गद्य नाटकं आणली. त्यांना 'बुकिश' नाटकं म्हणत. भाव्यांच्या खेळांत जोश होता, पण बोलण्याला शिस्त नव्हती. बुकिश नाटकांत शिस्त आली, तरी तोंडी येणारी भाषा पुस्तकीच राहिली. माणसं घरात बोलतात तसं मंचावर बोलतील, आणि तेही लिहिलेलं बरहुकूम बोलतील, हे अजून व्हायचं होतं.

देवलांना त्यांचे गुरू भेटले बेळगावच्या शाळेत. शिक्षकाचं नाव बळवंत पांडुरंग, म्हणजेच अण्णासाहेब किर्लोस्कर. विद्यार्थ्याला हे मास्तर वर्गाबाहेर जास्त उमगले असणार, कारण अण्णासाहेबांचा जीव नाटकातच अडकलेला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेबांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. पदं सूत्रधाराने न म्हणता ज्याची त्याने म्हणायची, हा त्यातला मोठा बदल होता. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने त्यातली सुभद्रा घरोघर पोचली. किर्लोस्कर मंडळी म्हटलं की तिकिटांवर उड्या पडू लागल्या.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब गेले. त्यांचं तिसरं संगीत नाटक 'रामराज्यवियोग' अपुरंच राहिलं. कंपनीचे नट होते, गळे होते, पडदे होते. नाटक लिहिणारा आणि बसवणारा मात्र एकच माणूस होता आणि तो गेला होता. अशा वेळी कंपन्या फुटतात. किर्लोस्कर मंडळी टिकली. व्यवस्थेचा भार पुढे शंकरराव मुजुमदारांसारख्यांनी उचलला आणि तालमीच्या खोलीत अण्णासाहेबांची जागा त्यांच्या विद्यार्थ्याने घेतली.

देवलांची पुढची दहा-बारा वर्षं पाहिली की ध्यानात येतं, हा माणूस दोन दगडांवर पाय ठेवून सहज उभा आहे. एका बाजूला संगीत मंडळी, दुसरीकडे गद्य मंडळी. त्या काळी या दोन वेगळ्या जाती होत्या. संगीतवाल्यांना गळा हवा, गद्यवाल्यांना अभिनय हवा, आणि दोघेही एकमेकांना कमी लेखत. देवलांनी दोन्हीकडे काम केलं आणि इकडचं तिकडे नेलं.

गद्याच्या बाजूला पहिलं आलं 'दुर्गा', १८८६ साली. त्याचं मूळ सदर्न या इंग्रज नाटककाराच्या शोकांतिकेत आहे. नवरा मेला असं समजून बाई दुसरं लग्न करते आणि पहिला नवरा परत येतो, ही त्या मूळ नाटकाची गाठ. लंडनमध्ये ती केवळ करुण कथा होती. १८८६च्या महाराष्ट्रात विधवेच्या लग्नावरून सभा उधळल्या जात, वर्तमानपत्रांचे रकाने भरत, घरं दुभंगत. देवलांनी नाटकं निवडली ती ग्रंथालयाच्या कपाटातली प्रतिष्ठा पाहून नव्हे. आपल्या प्रेक्षकाला कुठे टोचतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

१८९०चं 'झुंझारराव' म्हणजे शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो'. ऑथेल्लोचे मराठी अवतार आधीही झाले होते. देवलांनी व्हेनिस आणि सायप्रस बाजूला ठेवून ऑथेल्लोचा झुंझारराव केला, डेस्डेमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव. सातारच्या शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी झुंझारराव व्हायचे आणि बाळाभाऊ जोग कमळजा. याच गणपतरावांनी आगरकरांच्या 'विकारविलसिता'तला हॅम्लेट गाजवला होता. आगरकरांचं भाषांतर पंडिताचं, मुळाशी इमान राखणारं. देवलांचं इमान मुळापेक्षा नटाच्या श्वासाशी जास्त होतं. वाक्य कुठे तुटेल, दम कुठे घेता येईल, संतापाचा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवला तर शेवटच्या रांगेपर्यंत जाईल का, याचा विचार पानापानावर दिसतो. हातात नक्कल घेऊन नटासमोर बसलेला माणूसच असा विचार करतो.

संगीताच्या बाजूला शूद्रकाचं 'मृच्छकटिक', कालिदासाचं 'विक्रमोर्वशीय' आणि बाणाच्या 'कादंबरी'वरून केलेलं 'शापसंभ्रम'. यांत 'मृच्छकटिक' सर्वांत जास्त टिकलं, आणि तसं होणं साहजिकच होतं. शकुंतला-उर्वशी ऋषींच्या आणि देवांच्या जगातल्या. 'मृच्छकटिक'मध्ये शहर आहे. जुगारी आहेत, भिंतीला भोक पाडणारा चोर आहे, राजाचा मूर्ख आणि दुष्ट मेहुणा आहे, शेजारच्या पोराची सोन्याची गाडी पाहून रडणारं लेकरू आहे. बोलण्यासारखं त्यात भरपूर होतं. भाऊरावांच्या गळ्यासाठी वसंतसेनेची पदं होतीच. पण शकाराचं काम गाण्यावर चालत नाही. ते चालतं बोलण्याच्या लकबीवर. आचरटपणा नेमका कुठवर हसवतो आणि कुठून भीती घालू लागतो, ही रेषा नटाला सापडावी लागते. पुढे गणपतराव बोडसांनी ही भूमिका गाजवली. बोडस गायक नट नव्हते. संगीत कंपनीत बोलणाऱ्या नटालाही पहिल्या प्रतीची जागा असते, हे दाखवून देणाऱ्यांत ते पुढे होते. त्यांची जडणघडण देवलांच्या तालमीतली.

या तालमीचं स्वरूप नीट समजून घ्यायला हवं. कंपनी म्हणजे एक फिरतं बिऱ्हाड होतं. गावोगाव मुक्काम, एकाच पंगतीत जेवण, पेटाऱ्यांत कपडे, आणि स्त्री-भूमिकांसाठी जमवलेली दहा-बारा वर्षांची पोरं. प्रत्येक पात्राला पूर्ण नाटक मिळायचं नाही. मिळायची ती नक्कल, म्हणजे फक्त त्याची भाषणं आणि त्याआधीच्या वाक्याचं शेपूट. त्यामुळे समोरचा काय बोलतो आहे आणि का बोलतो आहे, हे नटाला कळायची एकच जागा होती, तालीम. मास्तरांनी अर्थ सांगितला तर नाटक समजणार, नाहीतर प्रत्येक जण आपलं शेपूट ऐकून आपली कविता म्हणणार. बरेच मास्तर स्वतः वाक्य म्हणून दाखवत आणि पोरं ते हुबेहूब उचलत. देवलांचा भर अर्थावर होता. वाक्याचा अर्थ, त्यामागचा हेतू, मग उच्चार, आणि हातवारे सर्वांत शेवटी.

आणि म्हणूनच 'शारदा'कडे पाहताना आधी तालीम आठवावी.

'शारदा'चा पहिला प्रयोग १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला, किर्लोस्कर मंडळीने केला. काळ तापलेला होता. संमतिवयाचं बिल १८९१ साली मंजूर झालं आणि मुलीचं वय दहावरून बारा करण्याच्या प्रश्नावर टिळक आणि सुधारक यांच्यात रण माजलं. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला देण्याची चाल बहुतेकांना वाईट वाटायची. तिच्यावर व्याख्यानं होत, निबंध येत. नाटक मात्र अजून व्हायचं होतं.

कथा थोडक्यात अशी. कांचनभट हा लोभी भिक्षुक. त्याची उपवर मुलगी शारदा. भुजंगनाथ हा पंच्याहत्तरीचा श्रीमंत विधुर पुन्हा बोहल्यावर चढायला निघालेला. भद्रेश्वर दीक्षित हा त्याचं लग्न जुळवून देणारा मध्यस्थ. शारदेची आई इंदिराकाकू, मैत्रीण वल्लरी. आणि हे लग्न मोडायला उभा राहणारा तरुण कोदंड. पहिल्या संचात कोदंड झाले भाऊराव कोल्हटकर. ज्यांनी सुभद्रा आणि वसंतसेना गाजवली, ते आता पुरुषपात्र करत होते.

नाटकाची रचना पाहा. अर्धं नाटक प्रेक्षक हसत असतो. भुजंगनाथाची तरुण दिसायची धडपड, भद्रेश्वराची थापेबाजी, वल्लरीने मैत्रिणीची केलेली थट्टा, नवऱ्याचं वय पाऊणशे असल्याचा लाडिक हिशेब, या सगळ्याला थिएटर दाद देतं. एखादा उपदेशक नाटककार असता तर पहिल्या अंकापासून रडवलं असतं. देवल हसू देतात. प्रेक्षकाने म्हाताऱ्याला हसावं, मुलींच्या थट्टेत सामील व्हावं. मग हळूहळू लक्षात येतं की ही थट्टा जिच्याविषयी चालली आहे ती मुलगी हसत नाही. ती घाबरली आहे. ती आपली भीती बोलून दाखवते तेव्हा मघाचं हसू घशात अडकतं. आपणही मजा बघणाऱ्यांतलेच होतो, हे प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. हा डाव लेखकाने नुसता कागदावर खेळून जमत नाही. भुजंगनाथ करणाऱ्याने किती हसवायचं, वल्लरीने कुठे थांबायचं, शारदेने पहिल्या प्रवेशांत किती गप्प राहायचं, हे तालमीत तोलावं लागतं. एकाने जरी माप चुकवलं तरी नाटकाचा फार्स होतो, नाहीतर कीर्तन.

आणि हे सगळं पेलायचं होतं एका मुलाने. पहिली शारदा अर्थात पुरुषच होती. लग्नाच्या भीतीने गारठलेल्या मुलीचे शब्द मिसरूड फुटायच्या वयातल्या पोराच्या तोंडी. समोर बायकांसाठी राखलेल्या जागेत बसलेल्या कित्येक जणींचं स्वतःचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी झालेलं. त्या पोराने नुसता गोड गळा काढला असता तर त्या बायकांनी त्याला क्षणात ओळखलं असतं. देवलांचं गद्य तिथे उपयोगी पडतं. शारदा, वल्लरी आणि इंदिराकाकू बोलतात ती भाषा माजघरातली आहे. वाक्यं लहान आहेत. मुलगी आईशी बोलताना जशी मध्येच थांबते, तशी ती थांबतात. पदंही साकी, दिंडीसारख्या कानाला सवयीच्या चालींची, बोलण्यातून सहज गाण्यात उतरणारी. तीनच वर्षांपूर्वी, १८९६ साली, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय'मध्ये पारशी थाटाच्या नव्या चाली आणून लोकांना वेड लावलं होतं. देवलांनी तो मोह टाळला. मुलगी रडताना नवी चाल शिकवत बसत नाही.

शेवटाबद्दल मात्र सुधारकांनी नाक मुरडावं अशी जागा आहे. लग्न मोडतं ते मुलीची इच्छा नाही म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र निघतात म्हणून. जीव द्यायला निघालेली शारदा वाचते आणि कोदंडाशी तिचं लग्न लागतं, तेही शंकराचार्यांनी शास्त्राचा कौल दिल्यावर. सुधारणेचं नाटक आणि निकाल शास्त्राचा! देवलांना ही विसंगती दिसली नसेल असं म्हणवत नाही. पण समोर बसलेल्या हजार माणसांपैकी नऊशेजणांना सुधारक या शब्दाचाच राग येतो, हेही त्यांना दिसत होतं. वाद जिंकायचा असता तर त्यांनी निबंध लिहिला असता. त्यांना या माणसांना शारदेच्या बाजूला आणून बसवायचं होतं, आणि त्या माणसांना पटेल अशी एकच वाट शास्त्रातून जात होती. या तडजोडीमुळे नाटक आज थोडं जुनं वाटतं. त्याच तडजोडीमुळे ते त्या काळी गावोगाव चाललं.

पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीचं किमान वय चौदा, मुलाचं अठरा. तो मांडला होता अजमेरच्या हरबिलास सारडांनी, म्हणून तो सारडा कायदा. मराठी माणसाने त्याला बिनदिक्कत शारदा कायदा म्हटलं, आणि हे नाव नाटकावरूनच पडलं अशी कित्येकांची समजूत झाली. समजूत चूक, पण अशी चूक व्हायला नाटक लोकांच्या तोंडी किती मुरलेलं असावं लागतं!

'शारदा'नंतर देवलांनी नवं नाटक जवळजवळ लिहिलंच नाही. भाऊराव १९०१ साली गेले. कंपनीची सूत्रं पुढे नानासाहेब जोगळेकरांकडे आली. १९०५ साली मिरजेला किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतल'मध्ये सतरा वर्षांचा नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, शकुंतला म्हणून उभा राहिला. गळा देवाने दिलेला, रूप तसंच. आपल्याला बोलायला आणि उभं राहायला कुणी शिकवलं, हे सांगताना बालगंधर्वांनी देवलांना नेहमी नाट्यगुरू मानलं. बालगंधर्वांच्या पदांच्या तबकड्या उरल्या आणि गाण्याची कीर्ती पुढच्या पिढ्यांपर्यंत गेली. त्यांचं गद्य ऐकलेले लोक मात्र सांगत, की पद सुरू व्हायच्या आधीच काम निम्मं झालेलं असायचं. ते निम्मं देवलांचं.

१९११ साली जोगळेकर गेले. १९१३मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्यासाठी म्हाताऱ्या मास्तरांनी आपलंच एक जुनं नाटक पुन्हा हाती घेतलं. १८९३चं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य प्रहसन. मोलिएरच्या फ्रेंच नाटकावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत केलेलं, आणि मर्फीवरून देवलांनी मराठीत आणलेलं. दोन समुद्र ओलांडून आलेल्या या नाटकाला परकेपणाचा वासही नाही. नावंच पाहा. पुरुष सगळे महिन्यांचे, फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. बायका नक्षत्रांच्या, कृत्तिका, रेवती. जणू पंचांगच रंगमंचावर उतरलं आहे. आता त्यात पदं घालायची होती, म्हणजे तेवीस वर्षांनी तेच नाटक दुसऱ्यांदा बसवायचं होतं.

संशयी नवऱ्याचं आणि संशयी बायकोचं हे नाटक सगळं एका तसबिरीवर फिरतं. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं तेवढंच कृत्तिका पाहते. तसबीर रेवतीच्या हातून पडते आणि कृत्तिकेला सापडते. बायको परपुरुषाच्या तसबिरीकडे टक लावून बघते आहे, हे फाल्गुनराव पाहतो. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं खरं आहे आणि दोघांनी काढलेला अर्थ साफ खोटा. यातलं हसू शब्दांत कमी आहे आणि वेळेत जास्त. कृत्तिकेने एक श्वास आधी मान वळवली तर संशय पोरका होतो. एक श्वास उशिरा वळवली तर प्रेक्षक पुढे निघून गेलेला असतो.

१४ जून १९१६ रोजी देवल गेले. पदं घातलेलं ते नाटक 'संगीत संशयकल्लोळ' या नावाने त्याच वर्षी, त्यांच्यामागे, रंगभूमीवर आलं. बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती. ते थिएटर हसताना मास्तरांनी ऐकलं नाही.

नाटक पुढे शंभर वर्षं चाललं. व्यावसायिक कंपन्या बंद पडल्या, मग हौशी मंडळांनी, शाळांनी, गणेशोत्सवातल्या मांडवांनी ते उचललं. फाल्गुनराव करायला उभा राहिलेला नवखा नट पहिल्या दिवशी हमखास हातवारे करतो, डोळे वटारतो, आणि कुणी हसत नाही. आठ-दहा तालमी झाल्या की त्याला उमगतं, की वाक्य जसं लिहिलं आहे तसं, जिथे तुटतं तिथेच तोडून, साधं बोलून टाकायचं. मग कोपऱ्यात नक्कल धरून बसलेला पोरगाही हसतो, आणि मंडळी म्हणतात, आता बसलं.